गायनशाळेचे जनक उस्ताद मौलाबक्ष

सुरसागराच्या काठावरून जाताना संगीत महाविद्यालयाच्या खिडक्यांतून तबल्याचे बोल आणि तंबोऱ्यांचा झंकार आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. ही संस्था कोणी काढली असे वर्गात विचारले, तर मुले एकमुखाने श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव घेतात. त्यात चूक काही नाही. तथापि ते उत्तर अर्धेच आहे. महाराजांनी द्रव्य दिले, जागा दिली, राजाज्ञा दिली. पण लहान मुलांना पाटीवर अक्षरे गिरवावी तसे स्वर गिरवावयास शिकविता येतील, हा विश्वास ज्या पुरुषाच्या ठायी होता त्याचे नाव उस्ताद मौलाबक्ष. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

मौलाबक्षांचा जन्म १८३३ साली उत्तर हिंदुस्थानात झाला. त्यांचे मूळ नाव चोले खाँ. घराणे गवयांचे नव्हते. जमीनजुमला सांभाळणारे होते. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मुलगा चुलत्याच्या घरी वाढला. पुढे एका चिश्ती फकिराची गाठ पडली. फकिराने गाणे ऐकविण्यास सांगितले, मुलाने जे येत होते ते मनापासून गाइले, आणि प्रसन्न झालेल्या त्या साधूने त्याला मौलाबक्ष, म्हणजे ईश्वराने दिलेला, हे नाव दिले, असे त्यांच्या कुटुंबात सांगत आले आहेत. नाव बदलले तसा जन्माचा ओघही बदलला. गाणे शिकावयाचेच, असा निश्चय करून हा तरुण घराबाहेर पडला.

परंतु गाणे शिकावयाचे म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यास सांगूनही पटणार नाही. त्या काळी विद्या घराण्यात कोंडलेली असे. उस्ताद आपल्या मुलास शिकवी, पुतण्यास शिकवी, जावयास हुंडा द्यावा तशा दोन चार चिजा देई. परक्याच्या पदरी मात्र वर्षानुवर्षे सेवा करूनही दाणे पडतील तेवढेच. लिहून ठेवण्याची चाल नव्हती. उस्ताद निवर्तला की त्याच्याबरोबर शेकडो चिजा मातीत जात. मौलाबक्ष ज्यांच्या गाण्यावर लुब्ध झाले ते घसीट खाँ हे असेच एक गवई. ते कोणास शिष्य करीत नसत आणि रियाजही दार लावून, रात्रीच्या वेळी करीत. मौलाबक्षांनी काय करावे? त्यांनी उस्तादांच्या दरवानाशी मैत्री जोडली. रात्री देवडीवर त्याच्या सोबतीस बसावे, आतून येणारे स्वर कानात साठवावे आणि पहाटे घरी येऊन तेच गळ्यावर चढवावे, असा क्रम त्यांनी दीर्घकाळ चालविला. एके दिवशी रस्त्याने जात असता घसीट खाँच्या कानी आपलीच गायकी पडली. चौकशी केली, तेव्हा देवडीवरच्या चोरट्या शिष्याचा उलगडा झाला. उस्ताद संतापतील अशी सर्वांची अपेक्षा. पण त्यांनी त्या मुलाच्या चिकाटीपुढे हार मानली आणि आपली विद्या त्याला दिली.

ही कथा घरातल्या माणसांनी सांगितलेली आहे, तेव्हा तिच्यावर थोडा रंग चढला असेलही. आम्हांस तिचे महत्त्व वाटते ते निराळ्या कारणाने. देवडीवर बसून विद्या मिळविलेला मनुष्य पुढे दोन प्रकारांनी वागू शकतो. एक, आपण एवढे कष्ट सोसले तर इतरांनीही सोसावे, असे म्हणून आपलेही दार लावून घेणे. असे वागणारे पुष्कळ होते, आजही आहेत. दुसरा प्रकार मौलाबक्षांचा. तो समजण्यासाठी त्यांच्या मधल्या काळाकडे थोडे वळले पाहिजे.

विद्या घेऊन मौलाबक्ष देशोदेशी हिंडले. दक्षिणेत म्हैसूरच्या दरबारी त्या वेळी तिसरे कृष्णराज वडियार हे गुणग्राही राजे होते. तेथे मौलाबक्षांचे हिंदुस्थानी गायन तर वाखाणले गेलेच. पण त्यांच्या ध्यानात आले की दक्षिणेचे संगीत हे एक स्वतंत्र, शास्त्राने बांधलेले विश्व आहे आणि त्यातले आपल्याला काही येत नाही. चांगला नावारूपास आलेला गवई पुन्हा विद्यार्थी होण्यास सहसा तयार होत नाही. मौलाबक्ष झाले. मुसलमान गायकास कर्नाटक संगीताची गुह्ये कोण सांगणार, हा प्रश्न येथेही होताच. दार पुन्हा बंदच होते. तरीही त्यांनी ते संगीत आत्मसात केले, दाक्षिणात्य पंडितांसमोर गाऊन दाखविले आणि महाराजांकडून कलगी, शिरपेच, छत्र, चामर असे राजचिन्हांचे मान मिळविले. दक्षिणेत संगीत शिकविताना क्रम असतो: आधी स्वरावली, मग अलंकार, मग गीते, मग कृती. पायरीवाचून पाऊल टाकावयाचे नाही. घराण्याच्या मर्जीवर चालणाऱ्या उत्तरेच्या शिक्षणात अशी पायऱ्यांची शिस्त क्वचितच दिसे. मौलाबक्षांनी दक्षिणेतून मानचिन्हे आणली ती काळाने गिळली; ही शिस्त आणली ती मात्र बडोद्यास उपयोगी पडली, असे आमचे मत आहे.

बडोद्यास ते प्रथम आले ते खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत. खंडेराव १८५६ ते १८७० या काळात गादीवर होते. दरबारी कलावंतांत मानपानाचे राजकारण नित्याचेच. त्यातून खटके उडाले आणि मौलाबक्ष बडोदे सोडून निघाले. त्या भांडणांत आम्ही शिरत नाही.

पुढच्या दशकात ते कलकत्त्यास गेले. बंगालात तेव्हा ठाकूर घराण्यातील जतींद्रमोहन आणि त्यांचे बंधू सौरींद्रमोहन हे संगीताचे मोठे आश्रयदाते होते. सौरींद्रमोहनांनी १८७१ साली कलकत्त्यास संगीताची शाळा काढली होती आणि तेथे क्षेत्रमोहन गोस्वामी यांनी सिद्ध केलेली स्वरलिपी वापरात होती. त्याच सुमारास एक इंग्रज शिक्षणाधिकारी क्लार्क यांनी, हिंदी संगीतही युरोपीय पाच रेघांच्या लिपीतच लिहिले जावे, असा आग्रह धरला होता. त्यावर बंगाली विद्वानांनी मोठा वाद मांडला. आपल्या संगीतात षड्ज स्थिर नसतो. गाणाराच्या गळ्याप्रमाणे तो वर वा खाली धरतात. मग ठरावीक उंचीच्या रेघांवर त्याला बांधून कसे चालेल? अक्षरांनी सा रे ग म लिहिणेच आपल्या प्रकृतीस मानवते. या सर्व चर्चेच्या वातावरणात मौलाबक्ष वावरले. गाणे कागदावर लिहिता येते आणि शाळेत घंटा वाजवून शिकविता येते, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले.

इकडे बडोद्यात उलथापालथ झाली. १८७५ साली मल्हारराव महाराज पदच्युत झाले आणि कवळाण्याचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव या नावाने गादीवर बसला. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराचे अधिकार हाती आल्यावर या तरुण राजाने शिक्षणाचा जो ध्यास घेतला तो सर्वविदितच आहे. १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. अशा राजाच्या दृष्टीने दरबारी कलावंत खाते म्हणजे खर्चाची एक बाब होती. प्रजेच्या करातून गवयांना वेतन द्यावयाचे आणि गाणे मात्र मूठभर मानकऱ्यांनी ऐकावयाचे, हे त्यांना रुचेना. मौलाबक्षांना शाळा हवी होती, महाराजांना प्रजेस उपयोगी पडणारे संगीत हवे होते. अशा दोघांची गाठ पडून १८८६ साली बडोद्यास गायनशाळा सुरू झाली.

ही हिंदुस्थानातली पहिली संगीतशाळा, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. कलकत्त्याची हकीकत वर आलीच आहे. पुण्यासही १८७४ साली गायन समाज निघाला होता. तेव्हा पहिलेपणाचा हट्ट धरण्याचे कारण नाही. मात्र राजाच्या खजिन्यातून चालणारी, सरकारी शिक्षणाला जोडलेली आणि आजतागायत अखंड चालू असलेली संस्था म्हणून बडोद्याच्या गायनशाळेचे स्थान निर्विवाद आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले ते १९०१ साली, म्हणजे बडोद्यानंतर पंधरा वर्षांनी. मौलाबक्ष निवर्तले त्याच १८९६ सालात पलुस्करही मिरज सोडून निघाले आणि फिरत फिरत बडोद्यास येऊन गाऊन गेले होते.

आता गायनशाळेत शिकवीत कसे ते पाहू. मौलाबक्षांनी आपली स्वरलिपी तयार केली होती. तिचे तत्त्व सोपे. स्वर अक्षरांनी लिहावयाचे, काळ खुणांनी दाखवावयाचा, आणि ओळ नेहमीच्या लिखाणाप्रमाणे डावीकडून उजवीकडे वाचीत जावयाची. ज्या मुलाला बाराखडी येते त्याला अर्धी लिपी आधीच आली. त्यांनी क्रमिक पुस्तकेही लिहिली. त्यांतील संगीतानुभव हे एक आणि बालसंगीतमाला हे दुसरे. हे दुसरे नावच पाहा. उस्तादी गवयाने बालकांसाठी पुस्तक लिहावे, ही त्या काळी किती नवलाची गोष्ट! मोठमोठ्या रागांचे आलाप त्यात नाहीत; लहानांच्या जिभेवर बसतील अशी पदे आहेत. मुलींच्या शाळेतही त्यांनी संगीताचा प्रवेश करविला. कुलीन घरातील मुलीने गाणे म्हणजे लोकापवाद, अशी समजूत असण्याच्या काळात हे करावयास राजाची आज्ञा जशी लागली तशी शिक्षकाच्या चारित्र्याविषयी पालकांच्या मनात खात्रीही लागली असली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, ताल शिकताना तुम्ही स्वतः काय करता ते आठवा. त्रितालाच्या सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्यावर हात बाजूस नेऊन खाली. वीस मुले एका तालात टाळी देऊ लागली की ते शिक्षण न राहता खेळ होतो. एखाद्याने खालीवर चुकून टाळी दिली की तो एकटाच आवाज उमटतो, सारा वर्ग हसतो आणि तो मुलगा जन्मात पुन्हा नववी मात्रा विसरत नाही. हाताने ताल देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. पण एकान्तात एका शिष्याला शिकविणाऱ्या उस्तादाच्या बैठकीत हा आनंद कोठून यावा? वीस मुले एकत्र आली आणि सर्वांच्या पुढे तेच लिहिलेले गाणे असले तरच तो संभवतो. सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा ही तर मुलांच्या पावलांतच असतात; शिक्षकाने ती ओळखावयाची एवढेच.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा घेतो. आमच्या वर्गातील काही मुले हल्ली भ्रमणध्वनीवर पियानोचा एक खेळ खेळतात. पडद्यावर वरून रंगीत पट्ट्या घसरत येतात. पट्टी रेषेला टेकण्याच्या नेमक्या क्षणी बोट ठेवावयाचे. क्षण चुकला की गुण गेले. ठेवीत गेले की ओळखीची धून वाजते. पट्टी लांब असली तर स्वर लांबवावयाचा, आखूड असली तर चटकन सोडावयाचा. याला संगीत म्हणावे की नुसता हाताचा चाळा, असा प्रश्न एका पालकांनी विचारला होता. प्रस्तुत लेखकाने त्या मुलांपैकी एकाला पेटीपुढे बसविले. स्वरांची नावे त्याला येत नव्हती, काळी एक आणि पांढरी दोन यांतील भेद ठाऊक नव्हता. परंतु लय पक्की होती. पट्टीची लांबी म्हणजे काळ आणि पट्टीची जागा म्हणजे स्वर, एवढे त्याच्या डोळ्यांस उमगलेले होते. मौलाबक्षांची खूण आणि ही घसरती पट्टी यांचे नाते आम्हांस तेव्हा जाणवले. दोहोंतही न दिसणारा काळ डोळ्यांना दाखविला आहे. दोन आठवड्यांत तो मुलगा दादऱ्यातले एक पद पेटीवर वाजवू लागला. मात्र मींड कशी घ्यावी, कोमल गांधार कोणत्या रागात किती उतरवावा, हे पट्टीने त्याला सांगितले नव्हते, आणि पेटीही सांगू शकत नव्हती. त्यासाठी त्याला गाणाऱ्या माणसासमोरच बसावे लागले.

नेमका हाच आक्षेप मौलाबक्षांच्या काळच्या जाणत्यांचाही होता. कागदावर उतरलेले गाणे म्हणजे वाळलेले फूल, सुगंध कोठला? असे म्हणणारे सर्वच स्वार्थी होते असे नव्हे. स्वरांमधील सूक्ष्म श्रुती, घसीट, लयीतली झोकदार ओढ यांना अक्षरांत जागा नसते, हे खरेच आहे. मौलाबक्षांच्या लिपीत तर पुढे आलेल्या लिप्यांइतके बारकावेही नव्हते. म्हणूनच असेल, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची लिपी आणि पलुस्करांची लिपी यांचा प्रसार झाला आणि बडोद्याची ही जुनी लिपी मागे पडली. शोधकाच्या वाट्याला हे यायचेच. परंतु स्वतः मौलाबक्ष वीणा वाजवीत, दोन्ही पद्धतींचे गाणे गात. लिपीत काय मावत नाही हे त्यांना इतरांहून अधिक कळत असले पाहिजे. तरीही त्यांनी लिहिले. ज्याला गवई व्हावयाचे आहे त्याला गुरू लागतोच. ज्या शंभर मुलांना गवई व्हावयाचे नाही त्यांनी काय करावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

मौलाबक्षांच्या घरी या शिक्षणाची फळे लवकरच दिसली. त्यांचे चिरंजीव अल्लाउद्दीन खाँ यांना सयाजीराव महाराजांनी पाश्चात्य संगीताच्या अभ्यासासाठी विलायतेस पाठविले; परत आल्यावर डॉक्टर पठाण या नावाने ते ओळखले जात. मुलगी खतीजाबी हिचा पुत्र इनायत खाँ हा ५ जुलै १८८२ रोजी बडोद्यास आजोबांच्याच घरी जन्मला. तो गायनशाळेत शिकला, तेथेच शिक्षक झाला आणि त्याने आजोबांचा कित्ता पुढे चालविला. विशीच्या आसपास असतानाच त्याने हार्मोनियम शिक्षक आणि फिडल शिक्षक अशी पुस्तके लिहिली. पेटी हे तेव्हाच्या मध्यमवर्गीय घरात नुकतेच शिरू लागलेले वाद्य. तिच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या पियानोच्याच घाटाच्या. फरक एवढाच की एक हात भात्यात अडकलेला. पेटीवर लिहिलेल्या स्वरांवरून आपले आपण पद वसवावे, ही सोय त्या लहानशा पुस्तकांनी करून दिली. १९१० साली इनायत खाँ अमेरिकेस गेले, पुढे युरोपात सूफी तत्त्वज्ञानाचे आचार्य म्हणून कीर्ती पावले आणि १९२७ साली दिल्लीस निधन पावले. त्यांची कन्या नूर पॅरिसमध्ये पियानो आणि हार्प शिकली, मुलांसाठी तिने जातककथा इंग्रजीत लिहिल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात शत्रूव्याप्त पॅरिसमधून गुप्त बिनतारी संदेश पाठविण्याचे काम पत्करून १९४४ च्या सप्टेंबरात डाखाऊच्या छळछावणीत प्राणांस मुकली. तिचे चरित्र हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु बडोद्याच्या गायनशाळेशी तिचे रक्ताचे नाते होते, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक असेल?

मौलाबक्षांचा अंत १८९६ साली बडोद्यास झाला. शाळेला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. प्रवर्तक गेला की संस्था ओस पडावी, असा आपल्याकडचा सर्वसाधारण अनुभव. येथे तसे झाले नाही. राज्यातील इतर गावीही संगीताचे वर्ग निघाले. फ्रेडिलिस नावाच्या युरोपीय संगीतज्ञाकडे राज्याच्या संगीताची व्यवस्था काही काळ होती. १९१६ साली पंडित भातखंड्यांच्या प्रयत्नाने अखिल भारतीय संगीत परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते बडोद्यासच. आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ हे दरबारचे गायक. त्यांचीही छाया या संस्थेवर पडली. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि गायनशाळेची ही परंपरा विद्यापीठात सामावली गेली. आता गायन, वादन, नृत्य व नाट्य अशी चारही अंगे तेथे शिकविली जातात.

मौलाबक्षांची पुस्तके आज बाजारात मिळत नाहीत. त्यांची स्वरलिपी वाचणारेही फारसे कोणी उरले नाहीत. पण संध्याकाळी सुरसागराच्या बाजूने चालत गेलात, तर संगीत महाविद्यालयाच्या खिडकीखाली क्षणभर थांबून पाहा. आत कोणी तरी नवखा विद्यार्थी अलंकार घोटीत असतो, चुकतो, पुन्हा घेतो. रस्त्यावर उभे राहून तो ऐकावयास दरवानाशी मैत्री करावी लागत नाही.